५७ किलोंचा मोठेपणा

खाशाबा जाधव मोठे की मारुती माने? हरिश्चंद्र बिराजदार ऐन भरात असताना आजचा एखादा महाराष्ट्र केसरी त्यांच्यासमोर किती वेळ टिकला असता? गामा पैलवान आज असता आणि त्याला गादीवर सहा मिनिटांत गुण मोजून लढायला लावलं असतं, तर तो अजिंक्य राहिला असता का? पुण्यात मंडईच्या आसपास कुस्तीचा विषय निघाला, की हे प्रश्न निघतातच. हा परिसर वादासाठी नावाजलेला. ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव त्याला पुणेकरांनीच दिलं. शिवाय हा सगळा टापू तालमींचा. चिंचेची तालीम याच शुक्रवार पेठेतली. ज्यांचं नाव मंडईला दिलं आहे ते जोतीराव फुले स्वतः लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तयार झालेले. तेव्हा इथे पैलवानांवरून वाद व्हावा, यात नवल नाही. पण वाद बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. एक जण वजन पुढे करतो, दुसरा काळ, तिसरा पदकं, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

जगात हा वाद सर्वांत हिरिरीनं घातला गेला तो मुष्टियुद्धात. मोहम्मद अली की रॉकी मार्सियानो, याचा सोक्षमोक्ष लावायला तिथे थेट संगणक कामाला लावला गेला. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला, अली बंदीमुळे रिंगणाबाहेर. मरे वोरोनर या अमेरिकी रेडिओ निर्मात्यानं दोघांची माहिती संगणकात भरली आणि १९६९ मध्ये त्या दोघांनाच समोरासमोर उभं करून लुटुपुटूच्या फेऱ्या चित्रित केल्या. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत हा सामना दाखवला, त्यात मार्सियानोनं तेराव्या फेरीत अलीला लोळवलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला होता. एवढा खटाटोप करून वाद होता तिथेच राहिला.

तो तिथेच राहणार होता, कारण प्रश्नच चुकीचा होता. ‘दोघं लढले असते तर कोण जिंकलं असतं?’ हा एक प्रश्न आणि ‘दोघांत मोठा कोण?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा वजनच देऊन टाकतं. दुसऱ्याचं उत्तर शोधायला वजन, काळ, नियम आणि समोरचे प्रतिस्पर्धी या चारही गोष्टी वेगवेगळ्या करून बघाव्या लागतात. महाराष्ट्रानं कुस्तीवर जिवापाड प्रेम केलं, पण हे दोन प्रश्न एकच समजण्याची चूक वर्षानुवर्षं केली. त्या चुकीची किंमत हलक्या वजनाच्या पैलवानांनी मोजली आहे.

हौद्याच्या कडेला

तुलना करण्याची एक जुनी आणि शहाणी रीत आपल्याकडे आहे. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. पोरं लांगोट कसून हौद्याच्या कडेला येतात. जत्रा कमिटीतला एखादा जाणता माणूस दोघांना शेजारी शेजारी उभं करतो. उंची बघतो, मान आणि मनगट बघतो, मांड्यांचा भरणा बघतो. कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, मागच्या मैदानात कुणाशी लढला, हे विचारून घेतो. जोड पटली की दोघांचे हात धरून वर करतो, हलगी कडाडते आणि खडाखडी सुरू होते. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून मानाच्या कुस्तीपर्यंत ही जोड लावण्याची कला चालते. वजनकाटा कुठेच नसतो, पण जोड तोडीस तोड लागली नाही तर मैदानच गुरगुरतं. वजन, वय, तयारी, तालीम आणि नावलौकिक हे सगळं त्या माणसानं एका नजरेत धरलेलं असतं.

या रीतीला एकच मर्यादा आहे. दोघंही समोर हजर लागतात. १९५२ चा पैलवान आणि २०१९ चा पैलवान शेजारी शेजारी उभे करता येत नाहीत. मग लोक साखळी लावतात: अमक्यानं तमक्याला पाडलं, तमक्यानं ढमक्याला, म्हणून अमका ढमक्यापेक्षा श्रेष्ठ. ही साखळी किती फसवी असते ते मुष्टियुद्धात लख्ख दिसलं. १९७१ मध्ये जो फ्रेझियरनं अलीला हरवलं. १९७३ मध्ये जॉर्ज फोरमननं फ्रेझियरला दुसऱ्याच फेरीत गारद केलं. साखळीच्या हिशेबानं फोरमनसमोर अलीचा निभाव लागायला नको होता. १९७४ मध्ये किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. तिघांचं वर्तुळ पूर्ण झालं. प्रत्येकाची लढण्याची ढब दुसऱ्याला अडचणीची होती, एवढंच त्यातून कळतं. आखाड्यातही हेच असतं. एखाद्याचा एकेरी पट कुणाला आवरत नाही आणि त्यालाच एखाद्या बुटक्या, दबून लढणाऱ्या गड्यासमोर काही सुचत नाही. तेव्हा साखळी सोडून द्यावी.

वजनाचं गणित

वजन का महत्त्वाचं, हे सांगायला शास्त्र लागत नाही. पण किती महत्त्वाचं, हे सांगायला लागतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. शरीराचं वजन मात्र घनफळावर ठरतं. माणूस सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर स्नायूचा छेद चौपट होईल आणि वजन आठपट. ताकद वजनाच्या मागे पडत जाते. लिट्झके या संशोधकानं १९५६ मध्ये वेटलिफ्टिंगचे विक्रम तपासून दाखवलं, की उचललेलं वजन साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढतं.

हा हिशेब आपल्या दोन पैलवानांवर लावून बघू. खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात लढले, मारुती माने १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात. वजनाचं प्रमाण १.७०. या नियमाप्रमाणे ताकदीचं प्रमाण सुमारे १.४३ येतं. म्हणजे दोघांची तयारी सारख्याच दर्जाची धरली, तर मान्यांची एकूण ताकद खाशाबांपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त. पण ताकद प्रत्येक किलोमागे मोजली, तर खाशाबाच जवळजवळ १९ टक्क्यांनी वरचढ. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पहिलं विधान समोरासमोरच्या कुस्तीचा निकाल सांगतं: ९७ किलोंचा अव्वल मल्ल ५७ किलोंच्या अव्वल मल्लाला उचलू शकतो, उलट घडणं फार अवघड. दुसरं विधान सांगतं, की प्रत्येक किलोतून कुणी जास्त काढलं.

वेटलिफ्टिंगमध्ये हे डोळ्यांना दिसतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू ६० किलो गटात खेळला आणि त्यानं १९० किलो डोक्यावर उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाचा महाकाय लाशा तालाखाद्झे यानं २०२१ मध्ये त्याच प्रकारात २६७ किलोंचा विक्रम केला. तो स्वतः १८० किलोंच्या घरातला, म्हणजे त्यानं स्वतःच्या दीडपट उचललं. जगातला सर्वांत बलवान माणूस कोण म्हणाल, तर लाशा. पण नईमनं केलं ते कमी होतं, असं म्हणायला जीभ धजावत नाही.

कुस्तीत या गणिताचा आणखी एक परिणाम होतो. हलक्या गटात प्रतिस्पर्धीही हलका असतो आणि किलोमागची ताकद जास्त असते, म्हणून तिथे उचलून टाकण्याचे, फिरवण्याचे, वेगाचे डाव जास्त लागतात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव हलक्या गड्यांच्या कुस्तीत कसे झपकन येतात ते बघावं. वरच्या गटात मानेवर दाब, ढकलाढकली, दम संपवणं आणि मग एकच मोका साधणं असा खेळ जास्त. दोन्ही कुस्त्याच, पण वजनानं त्यांचा स्वभाव बदलतो. मंडईत भोपळा किलोवर विकतात, कोथिंबीर जुडीवर आणि लिंबं नगावर; तसंच प्रत्येक वजनाच्या पैलवानाला त्याच्या गटाचं माप लावायला हवं.

वजनाची भिंत किती उंच असते, हे जाणणाऱ्यांनी ती ओलांडायचा प्रयत्न केला तेव्हा कळतं. ‘पाउंड फॉर पाउंड’ सर्वश्रेष्ठ, म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर सर्वांत मोठा, हा किताब लोकांनी ज्याच्यासाठी रूढ केला, तो शुगर रे रॉबिन्सन. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो वरच्या गटातल्या जोई मॅक्सिमशी लढला. मॅक्सिम त्याच्यापेक्षा सुमारे सात किलोंनी जड. रिंगणात उकाडा एवढा, की पंचालाच दहाव्या फेरीनंतर बदलावं लागलं. तेरा फेऱ्यांपर्यंत रॉबिन्सन गुणांवर पुढे होता. चौदाव्या फेरीसाठी त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. जड माणसाला तासभर अंगावर झेलत राहणं आणि वरून तो उकाडा, यानं त्याच्यातलं सगळं काढून घेतलं होतं. आपल्या मेरी कोमचंही उदाहरण घ्यावं. तिचे विश्वविजेतेपदाचे बहुतेक मुकुट ४५ ते ४८ किलोंच्या गटांतले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी तीनच गट होते आणि सर्वांत हलका ५१ किलोंचा. तिथे वरच्या वजनाच्या मुलींशी लढून तिनं कांस्य आणलं. त्या कांस्याचं मोल रंगावरून ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

काळ बदलला की काय बदलतं

आता काळाकडे वळू. सर्वांत मोठं कोडं गामाचं. पन्नासएक वर्षांच्या कारकिर्दीत त्याची पाठ कुणी मातीला लावली नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. उंची साधारण पाच फूट सात-आठ इंच. सात फुटांच्या आसपासच्या रहीम सुलतानीवालाशी त्याच्या कुस्त्या बरोबरीत सुटत राहिल्या, पण शेवटी अलाहाबादला गामानं त्यालाही नमवलं. आज कुणी इतकी वर्षं अजिंक्य का राहत नाही? आजचे पैलवान कमी पडतात का?

याचं फार सुंदर उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन जे गोल्ड यांनी बेसबॉलच्या निमित्तानं दिलं. त्यांचं म्हणणं असं: एखादा खेळ नवा असतो किंवा मोजक्याच लोकांना नीट शिकायला मिळतो, तेव्हा उत्तम आणि सामान्य यांच्यातलं अंतर प्रचंड असतं. खेळ पसरतो, प्रशिक्षण सगळीकडे पोहोचतं, तसा सर्वांचा दर्जा वर जातो आणि अंतर आक्रसतं. मग शिखरावरचा माणूस पूर्वीपेक्षा चांगला असूनही बाकीच्यांपासून तेवढा उठून दिसत नाही. गामाच्या काळात पूर्णवेळ मेहनत आणि पोटभर खुराक परवडायचा तो संस्थानांच्या आश्रयानं. पतियाळा, बडोदा, कोल्हापूर अशा दरबारांनी पोसलेले मल्ल आणि बाकीचे हौशी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. आज हरियाणापासून दागेस्तानपर्यंत हजारो मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून शास्त्रशुद्ध सराव करतात. तेव्हा गामाचा अजिंक्यपणा खरा, पण तो आजच्या एखाद्याच्या तीन-चार पराभवांच्या कारकिर्दीशी थेट तोलता येत नाही.

नियमही काळाबरोबर बदलतात, आणि नियम बदलले की कुस्तीच बदलते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्तानिस्लाव झ्बिस्को समोरासमोर आले. गामाचा जोर कळताच झ्बिस्को गादीवर पालथा पडला आणि अडीच तासांच्या आसपास तसाच चिकटून राहिला. गामाला त्याला उलटा करता आलं नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा बोलावलं तेव्हा झ्बिस्को आलाच नाही आणि विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. आजच्या नियमांत असं पडून राहणाऱ्याला ताकीद मिळते आणि समोरच्याला गुण मिळतो. १९२८ मध्ये पतियाळात तेच दोघं मातीत उतरले आणि गामानं मिनिटाच्या आत झ्बिस्कोला आस्मान दाखवलं. माणसं तीच, मैदान आणि नियम वेगळे, निकालात अडीच तास आणि एक मिनिट एवढा फरक.

मातीतली निकाली कुस्ती चितपटावर संपते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताब्याचे गुण, रेषेबाहेर ढकलल्याचा गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. खाशाबांच्या वेळी ऑलिंपिकची कुस्ती पंधरा मिनिटांची होती. दमाचा पैलवान तेव्हा फायद्यात असे, आज स्फोटक वेगाचा. म्हणून कुठल्याही जुन्या मल्लाला आजच्या नियमांत ढकलून तो हरला असता म्हणणं आणि आजच्या मल्लाला तासभर मातीत घुसळून तो हरला असता म्हणणं, दोन्ही सारखंच पोकळ आहे.

मग मापायचं कसं?

एकच माप काळ आणि वजन दोन्ही ओलांडून टिकतं: आपल्या काळात, आपल्या गटात, आपल्याला मिळालेल्या साधनांत हा माणूस बाकीच्यांच्या किती वर गेला? क्रिकेटमध्ये आपण हे नकळत करतोच. डॉन ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी आजच्या गोलंदाजीसमोर तेवढीच राहिली असती, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच गोलंदाजांसमोर खेळणारे बाकीचे फलंदाज त्याच्या कितीतरी खाली होते, आणि तोच त्याच्या थोरवीचा पुरावा. याला जोडून आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. ज्यांच्यात तो वर गेला ते प्रतिस्पर्धी किती तगडे होते? तो वर किती काळ टिकला? आणि त्याच्या पाठीशी काय होतं?

या मापानं महाराष्ट्राची परंपरा बघू. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य जिंकलं. गणपत आंदळकरांनी त्यावरच्या गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य मिळवलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही, पट नाही, टांग नाही. मातीत वाढलेल्या गड्यांनी तिथेही पदक घेणं ही फार मोठी गोष्ट. मैदानं गाजवण्यातही दोघं अग्रणी. मात्र त्या स्पर्धेत सोव्हिएत संघ, तुर्कस्तान, अमेरिका हे देश असणं शक्यच नव्हतं, हेही हिशेबात धरायला हवं. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पैलवान घडवले, आणि शिष्यांमधून चालत राहणारी ही थोरवी कुठल्याही गुणतक्त्यात बसत नाही.

राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मुलगा पुढे काका पवारांकडे तयार झाला. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. त्याच जागतिक स्पर्धेत ५७ किलोंचं कांस्य रवी दहियानं घेतलं, जो पुढे टोकियोत ऑलिंपिक रौप्यविजेता झाला. म्हणजे राहुलला जगाशी झुंजण्याआधी स्वतःच्याच देशातल्या, स्वतःच्याच वजनाच्या जागतिक दर्जाच्या गड्यांशी झुंजावं लागत होतं. गोल्ड म्हणतात ते आक्रसलेलं अंतर ते हेच.

खाशाबांचं पदक नव्यानं मोजू

आणि आता खाशाबा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. त्यांच्याबद्दल बहुतेकांना एक ओळ ठाऊक असते: स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, १९५२. या ओळीत त्यांच्या पराक्रमाचा निम्मा भागही येत नाही.

१९४८ मध्ये लंडनला ते ५२ किलो गटात सहावे आले. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेलेला, मातीत वाढलेला हा तरुण गादीच्या नियमांना तिथे सरावत होता. चार वर्षांनी ते हेलसिंकीला गेले तेव्हा गट ५७ किलोंचा होता. म्हणजे मधल्या काळात ते एक गट वर चढले होते. वर्गणी गोळा करून, राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर ते गेले.

आता प्रतिस्पर्धी बघा. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघ नव्हता आणि जपानलाही प्रवेश नव्हता. १९५२ मध्ये दोन्ही देश आले. खाशाबांच्या गटात सुवर्ण जिंकलं जपानच्या शोहाची इशीनं आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हनं. लंडनमध्ये जे दोन देश हजरच नव्हते, त्यांचेच मल्ल पहिले दोन आले. मैदान चार वर्षांत कितीतरी अवघड झालं होतं, वजन वर गेलं होतं, आणि तरी खाशाबा सहाव्यावरून तिसऱ्यावर आले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटं रंगली आणि थोडक्यात गेली. त्या कुस्तीनंतर लगेच त्यांना मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण त्यावर आग्रह धरायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. न्यूयॉर्कच्या उकाड्यात रॉबिन्सन स्टुलावर बसून राहिला, त्यानंतर चारच आठवड्यांनी हे घडलं. रॉबिन्सनच्या पराभवावर पुस्तकं भरभरून लिहितात, कारण तिथे वजनाचा, परिस्थितीचा विचार करण्याची सवय आहे. खाशाबांच्या पदकाचा विचार आपण असा कधी केला?

समकालीनांच्या वर किती, प्रतिस्पर्धी किती तगडे, पाठीशी काय, या प्रश्नांच्या उत्तरात मला महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत मोठा मल्ल खाशाबाच दिसतात. मारुती मान्यांशी मैदानात जोड लागली असती तर खाशाबा हरले असते, हे मान्य करूनही. मान्यांचं मोठेपण त्यानं तसूभर कमी होत नाही.

पण खाशाबांच्या वाट्याला काय आलं? त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये लिअँडर पेसनं ते आणलं. तेव्हा खाशाबा हयात नव्हते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं, १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्याचा क्रीडा दिन झाला, तोही अलीकडे. या उशिराला कारणं अनेक असतील. त्यातलं एक मला स्पष्ट दिसतं: आपल्या मनात पैलवान म्हटलं की शंभर किलोंचा गडी उभा राहतो. सत्तावन्न किलोंचा माणूस जगात तिसरा आला, हे आपल्या नजरेला नीट दिसलंच नाही.

गदा आणि बाकीचे गट

ही नजर आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतही आहे. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. तेव्हापासून या किताबानं गावोगावच्या तालमी जिवंत ठेवल्या, हे ऋण मोठं आहे. पण किताबाचा गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे खाशाबा जाधव आज असते, तर महाराष्ट्र केसरी होण्यासाठी त्यांना अर्जही भरता आला नसता. राहुल आवारे जागतिक पदक घेऊन आला, पण त्याच्या खांद्यावर विजेत्याची चांदीची गदा येणं शक्य नव्हतं. जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात पदक मिळवणाऱ्या नरसिंग यादवनं २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकून दाखवली, पण त्याच्यासारखा एखादाच. वजनाची भिंत अशी एकट्यादुकट्यानं चढून जाणं हा न्याय नव्हे.

महाराष्ट्र केसरी ज्या अधिवेशनात ठरतो, त्याच अधिवेशनात माती आणि गादी, दोन्ही विभागांत ५७ किलोंपासून वरच्या प्रत्येक गटाच्या कुस्त्या होतात. त्यांचे विजेते कोण? पुणे, सातारा, अहिल्यानगर इथे झालेल्या गेल्या काही अधिवेशनांतल्या ५७ किलोंच्या एका तरी विजेत्याचं नाव कुस्तीवर रात्र रात्र बोलणाऱ्यांना चटकन सांगता येईल का? २०२३ पासून महिला महाराष्ट्र केसरीही सुरू झाली आणि सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. तिथेही मुलींच्या हलक्या गटांची हीच गत होऊ द्यायची का, हे आत्ताच ठरवायला हवं.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याचं नाव, तालीम आणि वस्ताद यांची वर्षवार नोंद छापून जपावी. अंतिम दिवशी गदेच्या कुस्तीआधी सगळ्या गटांचे विजेते हौद्यात आणून त्यांचा तेवढ्याच मानानं सत्कार करावा. गटागटांतल्या इनामांतली दरी कमी करावी. जत्रा कमिट्यांनी मानाची कुस्ती कधीतरी हलक्या जोडीला द्यावी; लोकांना वेग आणि डाव बघायला मिळतील आणि गावातल्या बारक्या पोरांना आपल्यासाठीही आखाड्यात जागा आहे, हे कळेल. आणि मंडईत, कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर ‘मोठा कोण?’ असा वाद पेटला, की आधी एवढंच विचारावं: कुठल्या वजनात, कुठल्या नियमांत, कुणाकुणाच्या समोर आणि कशाच्या जोरावर? या चार प्रश्नांची उत्तरं देऊन मग घातलेला वाद वाया जात नाही. त्यातून आपल्याला विसरलेले पैलवान सापडतील, आणि पुढचा खाशाबा घडत असताना तो आपल्याला वेळेवर दिसेल.